भावोजींचं भर रस्त्यातलं भांडण

भावोजी अग्निशमन दलातून निवृत्त झाले, तेव्हा फायर स्टेशनच्या अंगणात खुर्च्या मांडून छोटा समारंभ झाला. साहेबांनी भाषण केलं. रंगाच्या गोदामातून तिघांना बाहेर काढलं ते सांगितलं, टाकी साफ करायला उतरून बेशुद्ध पडलेल्या कामगाराला पाठीवर घेऊन भावोजी शिडी कशी चढले तेही सांगितलं. सगळं खरं होतं. भावोजी मान खाली घालून बुटांकडे बघत होते, ताई डोळे पुसत होती आणि मी, ताईची धाकटी बहीण, पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात चडफडत होते. कारण माझ्या मते या माणसानं सगळ्यात मोठी हिंमत दाखवली ती एका रविवारी दुपारी, अंगात घरचा शर्ट आणि पायात चपला असताना. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती, त्यामुळे साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. शिवाय भाषणात सांगायचं तरी काय? त्या दिवशी त्यांनी भर रस्त्यात उभं राहून सासूशी कडाक्याचं भांडण केलं, एवढंच.

ते मीच सांगायला हवं, कारण मी तिथे होते.

त्याआधी आमची आई हे काय प्रकरण आहे ते सांगते. आईच्या नाकावर सतत राग. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, तेव्हापासून तिनं एकटीनं दोन मुली वाढवल्या, आणि वाढवताना जगातल्या कुठल्याही माणसाचं ऐकायचं नाही हे तिनं पक्कं ठरवून टाकलं. ताईनं जेव्हा घरात सांगितलं की मी ज्याच्याशी लग्न करणार आहे तो आग विझवायचं काम करतो, तेव्हा आईनं आधी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त भांडी आपटली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मी ऐन उमेदीत एकटी पडले. आता माझ्या पोरीनंही पडायचं का?"

शेवटी तिनं अट घातली. जिथे आगीचे फोन घेतात त्या कंट्रोल रूममध्ये बदली घ्या, खुर्चीवर बसून नोकरी करा, मग माझी ना नाही. भावोजी हळूच म्हणाले, "अर्ज करतो, आई." लग्न झालं. अर्जाचं पुढे काय झालं ते मात्र कोणालाच कळलं नाही. आई दर भेटीत विचारायची आणि भावोजी दर भेटीत "साहेबांकडे आहे" म्हणून विषय बदलायचे. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. आई त्यांना कायम 'तुम्ही' म्हणायची, तेही असं की समोरच्याला थंडी वाजावी. माघारी म्हणायची 'बंबवाले'. कधीकधी तोंडावरही.

भावोजींनी मात्र उलटून कधी एक शब्द काढला नाही. घरात त्यांचा आवाज इतका हळू की शेजारी बसलेल्यालाही "काय?" म्हणून विचारावं लागे. मी त्यांना चिडवायचे, की तुम्ही आगीलाही "कृपया विझा" म्हणत असाल. त्यावर नुसतं हसायचे. त्यांच्या सवयी म्हणजे आमच्या घरातला करमणुकीचा कार्यक्रम होता. सिनेमाला गेलो की हे आधी बाहेर पडायची दारं बघून येणार आणि मग जागेवर बसणार. बंद दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघणार, मग ते न्हाणीघराचं दार का असेना. आमच्याकडे आले की पाणीसुद्धा प्यायच्या आधी आईच्या खोलीच्या खिडकीपाशी जायचे. त्या खिडकीला पक्के गज होते. भावोजींनी एकदा वेल्डिंगवाल्याला आणून ते कापून घेतले, बिजागऱ्या बसवल्या आणि आतून कडी लावली, म्हणजे गरज पडली तर अख्खी जाळी दारासारखी उघडावी. आईनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं. चोर येतील, म्हणाली. भावोजी म्हणाले, "चोराला तिसऱ्या मजल्यावर यायला शिडी लागते, आई." "मग चोर तुमची शिडी मागून नेतील," आई म्हणाली.

आपल्या कामाबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, आमच्या स्वयंपाकघरात मी भाजी चिरत असताना, त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. एका इमारतीला आग लागली होती. एक बाप सुखरूप खाली उतरला होता. मुलगा दिसेना म्हणून तो पुन्हा जिन्यात शिरला. मुलगा मागच्या बाजूनं शेजाऱ्यांबरोबर आधीच बाहेर आला होता. बाप भावोजींना जिन्याच्या वळणावर सापडला. "दोन मजलेसुद्धा चढला नव्हता," ते म्हणाले. "लोकांना वाटतं आग मारते. गादीतला फोम जळला की त्याचा धूर असा असतो की एक श्वास घेता येतो, दुसरा घेता येतो, तिसऱ्याला माणूस खाली बसतो. मास्क नसेल तर मीसुद्धा बसेन." मग माझ्या हातातली सुरी घेऊन स्वतःच भाजी चिरायला लागले.

आता तो रविवार. ताई तिच्या कामावर गेली होती. भावोजी आईचा गळका नळ दुरुस्त करायला आले होते. आई म्हणत होती नळ गळत नाही, नळ म्हणत होता गळतोय. नवा वॉशर हवा होता, म्हणून मी आणि भावोजी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वॉशर घेतला, परत निघालो, वळणावरून गल्लीत शिरलो आणि आमच्या इमारतीच्या जिन्याच्या जाळीतून काळाकुट्ट धूर बाहेर येताना दिसला.

पहिल्या मजल्यावर एक उशा-गाद्या करणारा राहायचा. त्यानं घरातच फोमचे ढीग रचून ठेवले होते. त्यातच कुठेतरी वायर जळली, आणि तो बायकोमुलांना घेऊन पळाला तेव्हा घराचं दार सताड उघडं राहिलं. बाकीचे बरेचसे लोक धूर वाढायच्या आत खाली आले होते, काही गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले होते. आमची आई तिसऱ्या मजल्यावर होती. ती दुपारी झोपते, आणि कान जरा कमी आहेत हे मान्य करत नाही.

भावोजींनी चालता चालताच फोन लावला. पत्ता, मजला, फोम जळतोय, जिना धुरानं भरलाय, वर एक बाई आहे, लांबवायची शिडी आणा. तोवर आई खिडकीत आली. जाळी उघडून, डोकं बाहेर काढून ओरडली, "अगं, दारातून धूर येतोय! मी खाली येते, थांबा, कुलूप सापडत नाहीये!"

म्हणजे घराला आग लागली तरी आमची आई घर उघडं टाकून येणार नव्हती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आई, राहू दे कुलूप! तशीच पळत खाली..."

पुढचं बोलता आलं नाही, कारण भावोजींनी माझ्या तोंडावर हात दाबला होता. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा खरा आवाज ऐकला. गल्लीतली कबुतरं उडाली.

"ए म्हातारे! दार उघडलंस तर मरशील! दाराला हात लावू नकोस!"

आईचा चेहरा मला खालून स्पष्ट दिसत होता. आग, धूर, कुलूप सगळं विसरून ती जावयाकडे बघत राहिली.

"म्हातारी कोणाला म्हणता?"

"तुला! वर दुसरी कोण आहे? टॉवेल भिजव आणि दाराखालच्या फटीत कोंब!"

"नवे आहेत माझे टॉवेल!"

"नवेच कोंब! मग खोलीचं दार लाव आणि खिडकीत येऊन बस! चल, हल!"

ती आत गेली. ती दिसेनाशी झाली तेवढा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. तळमजल्यावरचा न्हावी हातात कात्री तशीच घेऊन बाहेर उभा होता, तो भावोजींना म्हणाला, "अहो, तुम्ही फायर ब्रिगेडचे ना? मग इथे काय उभे? जा ना वर!" आणखी दोघा-तिघांनी तेच म्हटलं. मीही म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, त्यांच्या पाठीत बुक्की मारली आणि ओरडले, "लोकांच्या आयांसाठी जाता, माझ्या आईसाठी का नाही?" त्याचं मला आजही काही वाटत नाही. तुमची आई वर असती तर तुम्हीही मारली असती.

भावोजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी डाव्या हातानं रस्त्यावरच्या दिव्याचा खांब धरला होता, आणि उजव्या हातानं ते लोकांना कामाला लावत होते. आईच्या खिडकीखाली ओळीनं स्कूटरी लावलेल्या होत्या आणि एक मोटार. "स्कूटरी उचला तिथून. सगळ्या. मोटारीचा मालक नाही? मग आठ जणं मिळून मागून उचलून सरकवा. ती कुंडी पण हलवा. शिडीला पाय ठेवायला जागा हवी." लोकांना वाटलं माणसाचं डोकं फिरलं, सासू धुरात आणि हा पार्किंग करतोय. पण आवाजच असा होता की न्हाव्यानं कात्री खिशात घातली आणि मोटारीला हात लावला.

आई खिडकीत परत आली. खोकत होती. "कोंबला टॉवेल. झालं समाधान?"

"डोकं बाहेर काढ! आणखी बाहेर!"

"पडेन ना!"

"पडणार नाहीस, तुला घट्ट धरून बसायची सवय आहे! माझा अर्ज किती वर्षं धरून बसलीस?"

मी थक्क झाले. पहिल्या मजल्यावरून ज्वाळांचा आवाज येत होता आणि हे अर्जावर आले होते. पण आईला ते झोंबलं. ती खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात रोवून उभी राहिली.

"धरून बसले तरी काय उपयोग झाला? कुठे गेला तो अर्ज?"

"केलाच नाही मी! कधीच केला नाही!"

"ठाऊक होतं मला! खोटारडे कुठले!"

"ठाऊक होतं तर दर वेळी विचारत का होतीस?"

"तुम्ही किती वेळा खोटं बोलता ते बघत होते!"

गर्दीत कोणीतरी हसलं. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मध्येच आईचा आवाज बसला, खोकल्याची उबळ आली आणि ती खिडकीच्या खाली गेली. दिसेना. भावोजींनी खांब सोडला. जिन्याच्या दाराकडे चालायला लागले. तिथून धूर असा लोळत बाहेर येत होता की पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती. त्यांनी शर्ट ओढून नाकावर घेतला होता. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर ते निघाले याचा मला आनंद झाला होता.

"बंबवाले!" वरून आवाज आला. आई पुन्हा उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कुठे निघालात? माझं बोलणं संपलेलं नाही! माझ्या खिडकीचे गज कापलेत ते कोणाला विचारून?"

भावोजी वळले. उलट पावली खांबापाशी आले आणि तो पुन्हा धरला. "कोणालाही न विचारता! आणि परत कापीन!"

"लग्नात माझ्याकडे एकदा तरी हसून बघितलंत?"

"तू बघितलंस? तोंड पाडून बसली होतीस! सगळ्या फोटोंत तशीच आहेस!"

असं चाललं होतं. गल्लीला आमच्या घरातली एकूण एक गोष्ट कळली. आईला भावोजींची घड्याळाकडे बघायची सवय आवडत नाही, भावोजींना आईच्या हातचा चहा गोड लागतो आणि त्यांनी इतकी वर्षं तो मुकाट्यानं प्यायला आहे, हेही कळलं. मध्ये एकदा आई पुन्हा खाली गेली, भावोजी पुन्हा जिन्याकडे धावले, आणि पुन्हा वरून ती ओरडली, "चहा गोड लागतो तर सांगायला काय झालं होतं?" ते परत फिरले. तोवर लांबून बंबाची घंटा ऐकू यायला लागली होती.

गाडी गल्लीत वळली ती थेट खिडकीखाली येऊन उभी राहिली, कारण मध्ये आता काहीच नव्हतं. उतरलेल्या जवानांमधल्या एकानं भावोजींना ओळखलं. "अहो, तुम्ही इथे?" भावोजींनी बोटानं वर दाखवलं आणि एका दमात सांगून टाकलं, "तिसरा मजला, डावीकडची खिडकी, जाळी उघडी आहे. एक बाई. शुद्धीवर आहे, भांडतेय." तो जवान फक्त "बरं" म्हणाला. शिडी उभी राहिली, लांबली, खिडकीला टेकली. मास्क लावलेला एक जण वर चढला, दुसरे दोघे पाण्याचा पाइप घेऊन जिन्यात शिरले.

आई शिडीवरून उतरली तीसुद्धा तोंड चालू ठेवूनच. तो बिचारा खाली एकेक पाऊल टाकत तिला दोन हातांत सांभाळून आणत होता आणि ती त्याला विचारत होती, "पाय कुठे ठेवू ते सांगशील की नाही?" तिचे पाय जमिनीला लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या गळ्यात पडून जे रडायला लागले ते थांबेचना. तिच्या नाकपुड्या काजळीनं काळ्या झाल्या होत्या. "पुरे गं," ती म्हणाली, "मी काय गेले का?"

भावोजी मात्र पुढे आलेच नाहीत. ते खांबापाशी फुटपाथवर बसले होते. बसले होते पण हात खांबालाच होता. त्या ओळखीच्या जवानानं शेजारी बसून त्यांचं एकेक बोट सोडवलं.

दवाखान्यात आईला ऑक्सिजन लावला, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टर म्हणाले की घसा काही दिवस बसलेला राहील, बाकी काळजी नाही. घसा बसेल हे ऐकून नर्स म्हणाली, "तेवढाच घरच्यांना आराम." आईनं तिच्याकडे असं बघितलं की नर्स दुसऱ्या पेशंटकडे गेली. आमचं घर तेवढं शाबूत होतं, पण जिना जळून काळा झाला होता, म्हणून संध्याकाळी आई ताईच्या घरी आली. तोपर्यंत ताईलाही सगळं कळलं होतं. ती धावत आली, आईला मिठी मारली, मग नवऱ्याला, मग पुन्हा आईला. मग काहीतरी करायला हवं म्हणून चहा टाकायला गेली.

आई अंघोळ करून, ताईचा गाऊन घालून पलंगावर बसली होती. भावोजी समोर खुर्चीवर. तो दुपारचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, पुन्हा तेच, शेजारच्यालाही ऐकू न येणारं बोलणं.

"आई, मला माफ करा. तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला खिडकीत ठेवायचं होतं. माणूस भांडत असला की खिडकी सोडत नाही. आणि आवाज येतोय तोवर कळतं, शुद्ध आहे. आम्ही नव्या पोरांना हेच सांगतो, अडकलेल्याला बोलतं ठेवा. मला दुसरं काही सुचलं नाही."

आईनं गरम पाण्याचा घोट घेतला. आवाज फाटलेला होता.

"म्हणजे तुम्हाला वाटतंय, तुम्ही मला खिडकीत ठेवलंत."

भावोजींनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"टॉवेल कोंबून झाला तेव्हाच माझ्या पायांतलं बळ गेलं होतं," आई म्हणाली. "पलंग दिसत होता. वाटत होतं, जाऊन आडवं व्हावं, बस. इतकी झोप येत होती. दोनदा खाली बसलेही. पण मी बसले की खाली गलका व्हायचा. म्हणून उठून बघते तर हे निघालेले जिन्याकडे. दुसऱ्यांदा उठून बघते तर पुन्हा तेच. तेव्हा कळलं. मी दिसेनाशी झाले की हा माणूस वर येणार. आणि आला की माझी पोर..." ती थांबली. खोकली. "म्हणून उभी राहिले. तोंडात येईल ते बोलत राहिले. तुम्हाला खाली ठेवायला हवं होतं ना कोणीतरी."

ताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तिथेच उभी राहिली.

भावोजी रडायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, ताईनंही नसावं. दोन्ही हात तोंडावर घेऊन, खांदे हलवून, लहान मुलासारखे मोठ्यानं रडत होते.

"ए," आई म्हणाली. "इकडे ये. इथे बस."

तिनं त्यांना कधीच एकेरीत हाक मारली नव्हती. ते उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले. आईला पुन्हा खोकल्याची उबळ आली, तेव्हा ते एका हातानं डोळे पुसत दुसऱ्या हातानं तिची पाठ चोळत राहिले.